लैंगिक गुन्ह्यांचे खटले आणि इंग्लंडमधील बॅरिस्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंड आणि वेल्समध्ये बलात्काराचे व इतर लैंगिक गुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या आणि लढवणाऱ्या बॅरिस्टरांच्या कामाविषयी मराठी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुधा तिकडे शिकायला गेलेले विद्यार्थी, त्यांचे पालक आणि आपल्याकडच्या विधी महाविद्यालयांतले विद्यार्थी असतात. स्कॉटलंडची न्यायव्यवस्था वेगळी असून तेथे ज्यूरीत (म्हणजे निवाडा देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात) पंधरा जण बसतात आणि पुराव्याचे नियमही निराळे आहेत, म्हणून तिचा विचार येथे केलेला नाही. एखाद्या चालू प्रकरणात काय करावे, हे मात्र त्या प्रकरणातल्या वकिलालाच विचारावे.

१. सॉलिसिटर आणि बॅरिस्टर यांच्या कामात नेमका फरक काय?

अटकेनंतर पोलीस ठाण्यात आरोपीशेजारी बसणारा, कागदपत्रे जमवणारा आणि अशिलाच्या घरच्यांचे फोन घेणारा वकील म्हणजे सॉलिसिटर. खटला उभा राहिल्यावर क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर गुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या न्यायालयात, न्यायाधीश आणि बारा ज्यूरर यांच्यासमोर बाजू मांडणारा तो बॅरिस्टर. जादा पात्रता मिळवून काही सॉलिसिटरही तेथे उभे राहतात, परंतु गंभीर लैंगिक गुन्ह्यांत हे काम प्रामुख्याने बॅरिस्टरांकडेच आहे. बलात्काराच्या प्रकरणात आरोपीची पहिली हजेरी मॅजिस्ट्रेटसमोर होते, मात्र खटला फक्त क्राउन कोर्टात चालतो. बहुतेक बॅरिस्टर कोणाचे नोकर नसतात. ते चेंबर्समध्ये एकत्र बसतात, खर्च वाटून घेतात आणि आलेली कामे त्यांचा क्लार्क लावून देतो. आपल्याकडे १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनंतर वकिलांचा एकच वर्ग राहिला, त्यामुळे ही विभागणी आपल्या वाचकांना प्रथमदर्शनी विनाकारण केलेली वाटते. तिचा उपयोग कोठे होतो, हे प्रश्न ६ आणि १३ मध्ये दिसेल.

२. एकच बॅरिस्टर कधी सरकारच्या बाजूने आणि कधी आरोपीच्या बाजूने उभा राहतो, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. खटले चालवणारी सरकारी यंत्रणा म्हणजे क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिस. १९८५ च्या कायद्याने तिची स्थापना झाली आणि १९८६ पासून ती काम करू लागली. तिचे स्वतःचे पगारी वकील आहेत, तरीही बरेचसे खटले ती स्वतंत्र बॅरिस्टरांकडे सोपवते. त्यासाठी चार श्रेणींचे पॅनेल असते आणि बलात्काराच्या खटल्यांसाठी अनुभव व प्रशिक्षण तपासून केलेली वेगळी यादी असते. कागदांचे गठ्ठे फितीने बांधण्याची पद्धत होती तेव्हा सरकारी कामाला पांढरी फीत आणि बाकीच्या कामाला गुलाबी फीत लावली जाई, आणि एकाच टेबलावर दोन्ही रंगांचे गठ्ठे पडलेले असत. आता बहुतेक सगळे संगणकावर आले आहे.

या अदलाबदलीचा फायदा प्रत्यक्ष कामात दिसतो. गेल्या महिन्यात आरोपीची बाजू लढवलेल्या बॅरिस्टरला पोलिसांच्या फाइलीत काय राहून जाते हे ठाऊक असते, आणि सरकारी बाजू नेहमी मांडणाऱ्याला कोणता बचाव ज्यूरीसमोर टिकणार नाही, हे अशिलाला वेळेवर आणि स्पष्टपणे सांगता येते.

३. सरकारी बाजूचा बॅरिस्टर म्हणजे तक्रारदार स्त्रीचा वकील का?

नाही, आणि सर्वाधिक गैरसमज याच बाबतीत आढळतो. तो राजसत्तेचा वकील असतो. तक्रारदार स्त्री ही त्या खटल्यातली साक्षीदार असते, अशील नसते. तिला न्यायालयात स्वतःचा वकील उभा करून साक्षीपुरावा घेता येत नाही. आपल्याकडे सरकारी वकिलाला साहाय्य करण्यासाठी पीडितेला न्यायालयाच्या परवानगीने आपला वकील नेमता येतो, तशी तरतूद तेथे नाही. याचा अर्थ बॅरिस्टरने तिच्याकडे पाहू नये असा मात्र नाही. साक्षीच्या दिवशी त्याने तिला भेटावे, न्यायालयात कोण कोठे बसते आणि काय क्रमाने होईल ते सांगावे, तिच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत, अशी स्पष्ट अपेक्षा आहे. शिक्षेच्या वेळी गुन्ह्याचा आपल्यावर काय परिणाम झाला याचे निवेदन ती न्यायालयापुढे ठेवू शकते. खटल्याच्या आधी आणि नंतर सोबत करण्यासाठी पोलीस व वकिलांपासून स्वतंत्र असे प्रशिक्षित सल्लागार असतात. ज्यांना त्यांची मदत मिळते त्यांना पुष्कळ आधार होतो.

४. खटला भरायचा की नाही, हे बॅरिस्टर ठरवतो का?

तो निर्णय क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिसचा असतो. तिच्यासमोर दोन कसोट्या असतात. पहिली, उपलब्ध पुराव्यावर तटस्थ ज्यूरी आरोपीला दोषी ठरवण्याची शक्यता न ठरवण्यापेक्षा अधिक आहे का. आणि दुसरी, खटला चालवणे सार्वजनिक हिताचे आहे का. बलात्काराच्या प्रकरणांत अडखळायला होते ते बहुतेक वेळा पहिल्या कसोटीवर. बॅरिस्टर पुराव्यावर लेखी मत देतो, कोणती चौकशी राहिली आहे ते सांगतो आणि पुढे पुरावा ढासळला तर तेही स्पष्टपणे कळवतो. खटला न भरण्याचा निर्णय तक्रारदाराला मान्य नसेल, तर २०१३ पासून सुरू असलेल्या योजनेखाली तिला फेरविचार मागता येतो.

५. अशा आरोपीचे काम घ्यायला बॅरिस्टर नकार का देत नाहीत? आणि त्यातही स्त्रिया हे काम कशा घेतात?

स्वतंत्र बॅरिस्टरवर असे बंधन आहे की काम त्याच्या अनुभवाच्या कक्षेतले असेल, तो त्या तारखांना मोकळा असेल आणि मेहनताना योग्य असेल, तर अशील आवडत नाही, आरोप किळसवाणा आहे किंवा बचाव पटत नाही या कारणाने त्याने काम नाकारू नये. ओळीत पुढे उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्याने येईल ते भाडे घ्यायचे, या रिवाजावरून त्या नियमाला 'कॅब-रँक' हे नाव पडले आहे. स्त्री बॅरिस्टरांनाही तो तितकाच लागू होतो. स्त्रीने उलटतपासणी घेतली की ज्यूरीवर वेगळा परिणाम होतो, हा समज आरोपींमध्ये आणि काही सॉलिसिटरांमध्येही आहे. माझ्या मते प्रश्न कोण विचारतो यापेक्षा काय विचारतो यावर ज्यूरीचे लक्ष अधिक असते.

६. आरोपीने आपल्या बॅरिस्टरला खासगीत गुन्हा कबूल केला, तरी तो त्याची बाजू लढवू शकतो का?

लढवू शकतो, पण मर्यादित रीतीने. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षाची असल्यामुळे कबुलीनंतरही आरोपी गुन्हा नाकबूल करू शकतो. त्याचा बॅरिस्टर पुरावा तपासू शकतो, साक्षीतल्या विसंगती दाखवू शकतो आणि पुरावा अपुरा आहे असा युक्तिवाद करू शकतो. जे खोटे आहे हे त्याला माहीत आहे ते खरे म्हणून मांडणे मात्र त्याला बंद होते. आरोपीला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करून "तिची संमती होती" असे वदवून घेता येत नाही, आणि तक्रारदारावर ती खोटे बोलते असा आरोपही ठेवता येत नाही. अशिलाने तसा आग्रह धरला तर बॅरिस्टरने कामातून बाजूला व्हावे लागते, मात्र कारण उघड करता येत नाही, कारण कबुली ही गोपनीयच राहते.

व्यवहारात अशा कबुल्या फार क्वचित होतात. अधिक वेळा असे घडते की आरोपीची हकिकत बॅरिस्टरला पटत नाही. तेथे नियम सरळ आहे. न पटणे म्हणजे खोटे असल्याचे माहीत असणे नव्हे, आणि निवाडा करण्याचे काम ज्यूरीचे आहे.

७. बलात्कार सिद्ध करण्यासाठी तेथे नेमके काय दाखवावे लागते?

२००३ चा सेक्शुअल ऑफेन्सेस अ‍ॅक्ट १ मे २००४ पासून अमलात आहे. त्यातील कलम १ नुसार तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. आरोपीने शिश्नाने योनी, गुद किंवा मुखात प्रवेश केला. समोरच्या व्यक्तीची त्याला संमती नव्हती. आणि संमती आहे असे मानायला आरोपीकडे रास्त कारण नव्हते. पीडित व्यक्ती स्त्री किंवा पुरुष कोणीही असू शकते. कलम ७४ प्रमाणे संमती म्हणजे निवड करण्याचे स्वातंत्र्य आणि क्षमता असताना स्वेच्छेने दिलेला होकार. तेरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही.

खटल्यांचा सगळा जोर तिसऱ्या मुद्द्यावर का येतो, हे इतिहास पाहिल्याशिवाय कळत नाही. १९७५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे काम तेच करी) असे ठरवले होते की आरोपीला संमती आहे असे प्रामाणिकपणे वाटले असेल, तर ते वाटणे कितीही अवाजवी असले तरी तो दोषी नाही. २००३ च्या कायद्याने ते बदलले. आता संमतीची खात्री करून घेण्यासाठी आरोपीने काय केले, हेही ज्यूरीला विचारात घ्यावे लागते. म्हणूनच सरकारी बॅरिस्टरची आरोपीवरची उलटतपासणी पुष्कळदा याच एका प्रश्नाभोवती फिरते: तुम्ही तिला विचारलेत का, आणि नसेल तर तुम्हाला कळले कशावरून?

८. दोघेही दारू प्यायलेले असतील तर?

नशेत दिलेली संमती हीसुद्धा संमती असू शकते; परंतु शुद्ध पूर्ण हरपण्याच्या बऱ्याच आधी निवड करण्याची क्षमता नाहीशी होऊ शकते, असे अपील न्यायालयाने २००७ च्या ब्री प्रकरणात स्पष्ट केले. ती रेषा कोठे होती, हे प्रत्येक खटल्यात ज्यूरी ठरवते. म्हणून दोन्ही बाजूंचे बॅरिस्टर बारचे बिल, सीसीटीव्हीतली चाल, टॅक्सीचालकाची साक्ष आणि मध्यरात्री पाठवलेल्या मेसेजमधल्या अक्षरांच्या चुका यांवर तासन्‌तास घालवतात. व्यक्ती झोपेत किंवा बेशुद्ध होती आणि आरोपीला ते माहीत होते असे दाखवले, तर कलम ७५ खाली संमती नव्हती असे गृहीत धरले जाते आणि उलट काही असल्यास तो मुद्दा पुराव्यानिशी उभा करणे आरोपीकडे येते. आरोपीची स्वतःची नशा मात्र त्याच्या उपयोगाची नाही. शुद्धीवर असलेल्या माणसाला संमती आहे असे रास्तपणे वाटले असते का, हेच पाहिले जाते.

९. साक्षीच्या आधी बॅरिस्टर साक्षीदाराची तयारी करून घेतो का?

न्यायालयाची ओळख करून देणे चालते, साक्ष पढवणे चालत नाही. २००५ च्या मोमोदू निकालात अपील न्यायालयाने साक्षीची तालीम घेण्यावर सरसकट बंदी असल्याचे सांगितले, आणि तिला सरकारी पक्ष व बचाव पक्ष दोघेही बांधलेले आहेत. साक्षीदार आपला पूर्वीचा जबाब वाचू शकते किंवा ध्वनिचित्रमुद्रित मुलाखत पाहू शकते. "हा प्रश्न आला तर असे सांगा" हे वाक्य मात्र बॅरिस्टरच्या तोंडून निघता कामा नये.

१०. उलटतपासणीत तक्रारदाराला काहीही विचारता येते का?

नाही. चित्रपटांनी रुजवलेले आवाज चढवणारे, बोट रोखणारे बॅरिस्टर आजच्या क्राउन कोर्टात फार वेळ टिकणार नाहीत. असुरक्षित साक्षीदारांच्या खटल्यात आधी एक स्वतंत्र सुनावणी होते. तीत प्रश्न किती वेळ चालतील, कोणत्या विषयांवर असतील, विश्रांती केव्हा द्यायची, कोणते शब्द टाळायचे हे न्यायाधीश ठरवून देतात. साक्षीदार लहान मूल असेल किंवा तिला शिकण्यात अडचणी असतील, तर बचाव पक्षाचे प्रश्न लेखी मागवून ते एकेक तपासले जातात. संवाद सुकर करण्यासाठी नेमलेला मध्यस्थ त्यावर सूचना करतो.

हे तपासणे कसे चालते, ते एका काल्पनिक प्रश्नावर पाहता येईल. जुन्या वळणाचा प्रश्न असा असे: "तुम्ही त्याच्याबरोबर टॅक्सीत बसलात, त्याच्या खोलीवर गेलात, आणि तरीही तुम्हाला जायचे नव्हते असे आज सांगता, हे खरे नाही, हो की नाही?" यात तीन विधाने आहेत, एक आरोप आहे आणि शेवटी दुहेरी नकार आहे. "नाही" असे उत्तर आले तर ते कशाला दिले, हे कोणालाच सांगता येणार नाही. आता तो प्रश्न असा तुटतो: "टॅक्सी कोणी बोलावली?" "टॅक्सीत तुम्ही कोठे बसलात?" "त्याच्या खोलीवर जायचे कोणी सुचवले?" "तुम्ही काय उत्तर दिलेत?" असे छोटे प्रश्न साक्षीदाराला सोपे असतातच, पण बचावालाही ते अधिक उपयोगी पडतात, कारण ज्यूरीला प्रत्येक उत्तर वेगळे ऐकू येते. जे जुने बॅरिस्टर या बदलाला विरोध करत होते, त्यांच्यापैकी कित्येकांना हे प्रत्यक्ष अनुभवानंतर पटले.

आपल्या सत्र न्यायालयांत बचाव पक्षाची प्रत्येक सूचना साक्षीदारापुढे ठेवून "हे म्हणणे खरे नाही की" अशा साच्यात जबाब उतरवला जातो. इंग्लंडमध्येही आरोपीची बाजू साक्षीदारापुढे मांडणे हे बॅरिस्टरचे कर्तव्य मानले जाते. परंतु २०१४ च्या लुबेम्बा निकालानंतर असुरक्षित साक्षीदारापुढे ती शब्दशः मांडण्याचा हक्क बॅरिस्टरला सांगता येत नाही. तेथे काय विवाद आहे, ते न्यायाधीशच ज्यूरीला समजावतात. त्याआधी २०१० मध्ये बार्कर प्रकरणात चार वर्षांच्या मुलीची साक्ष ग्राह्य धरण्यात आली होती, आणि मुलांच्या उलटतपासणीविषयीचा विचार तेथून वेगाने पुढे गेला. आपल्या पॉक्सो कायद्यात वकिलाने प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि त्यांनी ते मुलाला विचारायचे अशी तरतूद आहे. इंग्लंडने प्रश्न विचारण्याचे काम वकिलाकडेच ठेवले आणि प्रश्नाचा घाट बदलला.

११. तक्रारदाराच्या पूर्वीच्या संबंधांविषयी प्रश्न विचारता येतात का?

सर्वसाधारणपणे नाही. १९९९ च्या कायद्यातील कलम ४१ ने न्यायाधीशाच्या परवानगीशिवाय असा पुरावा देणे किंवा प्रश्न विचारणे बंद केले आहे. परवानगीसाठी लेखी अर्ज करून नेमके प्रश्न आणि त्यांचा कलमातील कोणत्या अपवादाशी संबंध आहे ते सांगावे लागते. अर्जाची सुनावणी ज्यूरी व प्रेक्षकांना बाहेर ठेवून होते. अपवाद मोजके आहेत. उदाहरणार्थ, सरकारी पक्षानेच तिच्या पूर्वायुष्याविषयी काही सांगितले असेल तर त्याचे खंडन करणे. ती पूर्वी कोणाबरोबर राहिली म्हणून तिच्यावर विश्वास ठेवू नये, असे सुचवणे हा हेतू असेल तर अर्ज फेटाळला जातो. २००१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने या कलमाचा अर्थ आरोपीला न्याय्य सुनावणी मिळेल अशा बेताने लावावा असे सांगितले, आणि तेव्हापासून त्याच्या कडा किती ताठ ठेवायच्या यावर वाद चालू आहे.

एक बारकावा येथे लक्षात ठेवावा. तक्रारदाराने पूर्वी दुसऱ्या कोणावर खोटा आरोप केला होता, असा मुद्दा असेल तर तो लैंगिक इतिहासात मोडत नाही. पण तो आरोप खोटा होता असे म्हणायला ठोस आधार लागतो. केवळ पूर्वीचा खटला उभा राहिला नाही, एवढे पुरत नाही.

१२. तक्रारदाराला आरोपीसमोर उभे राहावेच लागते का?

लागत नाही. लैंगिक गुन्ह्यांतील तक्रारदार विशेष सोयींना आपोआप पात्र ठरते. पडद्याआडून साक्ष देणे, दुसऱ्या खोलीतून व्हिडिओवर साक्ष देणे, प्रेक्षकांना बाहेर काढणे, आणि न्यायाधीश व बॅरिस्टरांनी विग व झगे उतरवणे, या त्यांपैकी काही. पोलिसांनी ध्वनिचित्रमुद्रित केलेली मुलाखत हीच बहुधा तिची सरतपासणी, म्हणजे सरकारी बाजूने घेतलेली मूळ साक्ष, म्हणून दाखवली जाते. १९९९ च्याच कायद्याच्या कलम २८ खाली उलटतपासणीही खटल्याच्या पुष्कळ आधी मुद्रित करता येते, आणि सप्टेंबर २०२२ पासून ही सोय लैंगिक गुन्ह्यांच्या तक्रारदारांसाठी सर्व क्राउन कोर्टांत उपलब्ध आहे.

कोणती सोय घ्यावी, यावर बॅरिस्टरांमध्ये एकमत नाही. व्हिडिओवरची साक्ष ज्यूरीपर्यंत कमी पोचते असे काहींना वाटते. दोन वर्षे वाट पाहण्यापेक्षा आठवणी ताज्या असताना साक्ष होऊन मोकळे होणे बरे, असे इतर म्हणतात. निवड तक्रारदाराला विचारूनच व्हावी, आणि त्यासाठी प्रश्न ३ मधली भेट वेळेवर व्हायला हवी.

१३. आरोपीने वकील नेमला नाही, तर तो स्वतः तक्रारदाराला प्रश्न विचारू शकतो का?

लैंगिक गुन्ह्यात कधीच नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम ३४ ने ते सरसकट बंद केले आहे. आरोपीला वकील नेमण्याची संधी दिली जाते, आणि त्याने तो नेमला नाही तर न्यायालय केवळ त्या उलटतपासणीपुरता बॅरिस्टर नेमू शकते. अशा बॅरिस्टरची अवस्था चमत्कारिक असते. आरोपीच्या हितासाठी तो प्रश्न विचारतो, पण आरोपी त्याचा अशील नसतो.

१४. तक्रारदाराचा मोबाइल पोलीस आणि वकील पूर्ण वाचतात का?

वाचू नये, असा नियम आहे. १९९६ च्या कायद्यानुसार सरकारी पक्षाची बाजू कमकुवत करील किंवा बचावाला मदत करील अशी जी सामग्री तपासात हाती आली असेल, ती बचाव पक्षाला दाखवावीच लागते. डिसेंबर २०१७ मध्ये क्रॉयडन क्राउन कोर्टातला एक खटला ऐन सुनावणीत कोसळला, कारण तक्रारदाराच्या फोनमधले सुमारे ४० हजार मेसेज पोलिसांनी बचावाला दिलेच नव्हते. ते द्यायला लावले ते सरकारी पक्षाच्याच बॅरिस्टरने. बचाव पक्षाच्या बॅरिस्टरने रात्रभर बसून ते वाचले, आणि आरोप मागे घेतला गेला. सरकारी बॅरिस्टरचे काम खटला जिंकणे नव्हे, असे पुस्तकात सगळेच वाचतात. ते प्रत्यक्षात कसे दिसते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

त्यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला आणि प्रत्येक तक्रारदाराकडे फोन मागितला जाऊ लागला. २०२० मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की फोन पाहण्यासाठी तपासाचे रास्त कारण हवे, आणि पाहायचाच तर कोणत्या कालावधीतले व कोणाबरोबरचे संभाषण, हे आधी ठरवावे. २०२२ च्या कायद्याने पोलिसांच्या या अधिकारांना चौकट घातली. आजही अशा खटल्यांत बॅरिस्टरचा सर्वाधिक वेळ न्यायालयात नव्हे, तर या सामग्रीच्या याद्या वाचण्यात जातो.

१५. ज्यूरीचे पूर्वग्रह कसे हाताळले जातात? निकाल एकमतानेच लागतो का?

१९९४ पर्यंत न्यायाधीशांना ज्यूरीला असा इशारा द्यावा लागे की पूरक पुराव्याशिवाय तक्रारदाराच्या साक्षीवर विसंबणे धोक्याचे आहे. ती सक्ती त्या वर्षी रद्द झाली. आता इशारा उलट दिशेचा असतो. तिने उशिरा तक्रार केली, प्रतिकार केला नाही, साक्षीत रडली किंवा रडली नाही, यावरून घाईने अनुमान काढू नका, कारण अशा प्रसंगी वागण्याची एकच ठरावीक रीत नसते, असे न्यायाधीश सांगतात. बचाव पक्षाचा बॅरिस्टर त्या सूचनेच्या शब्दांवर आक्षेप घेऊ शकतो आणि घेतोही. उशिराचे खरे कारण काय, हा मुद्दा मांडायची त्याला मोकळीक असतेच.

आरोप सिद्ध झाल्याची ज्यूरीला खात्री हवी. आधी एकमताची अपेक्षा असते. निदान दोन तास दहा मिनिटे उलटल्यावर न्यायाधीश दहा विरुद्ध दोन अशा बहुमताला परवानगी देऊ शकतात. तेवढेही जमले नाही तर सहसा एकदा फेरखटला होतो. ज्यूरीने निर्दोष ठरवल्यावर सरकारला आपल्याकडच्यासारखे त्या निकालाविरुद्ध अपील करता येत नाही. मात्र बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्यात नवा आणि भक्कम पुरावा पुढे आल्यास अपील न्यायालय फेरखटल्याचा आदेश देऊ शकते.

१६. खटला उघड न्यायालयात चालतो, मग नाव बाहेर येत नाही का?

तक्रार झाल्या क्षणापासून तक्रारदाराला आयुष्यभर अनामिकता मिळते. १९९२ च्या कायद्याप्रमाणे नाव, पत्ता, शाळा, कामाचे ठिकाण किंवा छायाचित्र यांपैकी ओळख पटवणारे काहीही प्रसिद्ध करणे गुन्हा आहे, आणि समाजमाध्यमांवरची पोस्टही त्यात येते. आपल्याकडे अशी सुनावणी बंद दालनात होते. तेथे दालन बहुधा उघडे असते आणि निर्बंध प्रसिद्धीवर असतो. आरोपीला मात्र आरोप ठेवल्यानंतर असे संरक्षण नाही. १९७६ मध्ये बलात्काराच्या आरोपींना ते देण्यात आले होते, १९८८ मध्ये काढून घेण्यात आले.

१७. आरोपी दोषी ठरल्यावर बॅरिस्टरांचे काम संपते का?

संपत नाही. सरकारी बॅरिस्टर अमुक वर्षे द्या अशी मागणी करत नाही. प्रकरण मार्गदर्शक तत्त्वांच्या कोणत्या वर्गात बसते, हे तो न्यायाधीशांना दाखवतो. बलात्काराला कमाल शिक्षा जन्मठेप असून २०१४ पासूनच्या तत्त्वांनुसार नेहमीचा पल्ला ४ ते १९ वर्षांचा आहे. बचाव पक्ष शिक्षा सौम्य करणारी कारणे मांडतो. पहिल्याच संधीला गुन्हा कबूल केल्यास सर्वसाधारणपणे एक तृतीयांश सूट मिळते. म्हणून पुरावा भक्कम असताना अशिलाला ही गोष्ट वेळेवर आणि न कचरता सांगणे, हा बचावाच्या कामाचा मोठा भाग आहे. शिक्षा अवाजवी सौम्य वाटल्यास कोणीही २८ दिवसांत अ‍ॅटर्नी जनरलना, म्हणजे सरकारच्या मुख्य विधी अधिकाऱ्यांना, लिहू शकतो.

१८. साक्षीदाराला इंग्रजी नीट येत नसेल तर? घरचे कोणी दुभाषाचे काम करू शकते का?

घरच्यांनी ते करू नये. न्यायालय स्वखर्चाने दुभाषा देते, आणि मराठीच हवी असेल तर पोलिसांकडच्या पहिल्या मुलाखतीपासूनच तसे सांगावे. नाहीतर "भारतीय" म्हणून हिंदीचा दुभाषा समोर येतो. आपल्या बायका "त्याने त्रास दिला", "अंगचटीला आला" असे आडपडद्याने बोलतात, आणि तेवढ्यावर कोणते कलम लागते हे ठरत नाही. दुभाषाने ते आपल्या मनाने स्पष्ट करायचे नसते. नेमके काय घडले, हे सरकारी बॅरिस्टरनेच पुढचा प्रश्न विचारून काढायचे असते.

१९. मुंबई-पुण्याकडचा विद्यार्थी या कामात शिरू शकतो का?

शिरू शकतो. लंडनच्या चारपैकी एका 'इन'चे (बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थेचे) सदस्यत्व, बॅरिस्टरचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर एक वर्षाची उमेदवारी, असा मार्ग आहे. खरी चुरस या उमेदवारीच्या जागांसाठी असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ग्रेज इनमधून १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींना स्त्री म्हणून ती पदवी १९२३ पर्यंत मिळू शकली नाही. फौजदारी कामाचे उत्पन्न मात्र व्यापारी खटल्यांच्या मानाने फार कमी आहे. सरकारी साहाय्यातून मिळणाऱ्या मेहनतान्यासाठी २०२२ मध्ये फौजदारी बॅरिस्टरांनी काम बंद ठेवले होते. क्राउन कोर्टात तुंबलेल्या प्रकरणांची संख्या ७० हजारांच्या वर गेली आहे, त्यामुळे काम भरपूर आहे आणि माणसे अपुरी.

२०. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या गुन्ह्याचा खटला चालू शकतो का? कोणता कायदा लागतो?

अशा गंभीर गुन्ह्यांना मुदतीची मर्यादा नाही, त्यामुळे चालू शकतो, आणि असे खटले पुष्कळ चालतात. १ मे २००४ पूर्वीच्या कृत्याला त्या वेळचा, बहुधा १९५६ चा, कायदा लागतो. म्हणून आरोपपत्र लिहिताना बॅरिस्टरला तारखा अतिशय काटेकोरपणे पाहाव्या लागतात. पुरुषावरील अत्याचाराला कायद्यात "बलात्कार" हे नाव १९९४ मध्ये मिळाले. त्याआधीच्या कृत्यावर दुसरे कलम लावावे लागते. चौदा वर्षांखालील मुलगा संभोग करण्यास असमर्थ असतो, असे अकाट्य गृहीतक १९९३ पर्यंत होते, त्यामुळे त्याआधी तेरा वर्षांच्या मुलाने केलेल्या कृत्याबद्दल आज बलात्काराचा आरोप ठेवता येत नाही.

पतीने पत्नीवर केलेल्या बलात्काराच्या बाबतीत मात्र चाक उलटे फिरले. विवाहाने पत्नीची कायमची संमती मिळते, ही जुनी समजूत हाउस ऑफ लॉर्ड्सने ऑक्टोबर १९९१ मध्ये मोडीत काढली. तो निकाल मागच्या काळालाही लागू होतो का, हा प्रश्न पुढे आला तेव्हा अपील न्यायालयाने २००४ मध्ये १९७० साली पत्नीवर केलेल्या बलात्काराबद्दलची शिक्षा कायम ठेवली. भारतात अठरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत पतीला असलेली सूट भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही कायम आहे.